बाळ लागोपाठ दचकतंय? पहिल्या झटक्यापासून औषधापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांसोबत काम करते. आठ महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन आई समोर बसते. तक्रार एकच, मान धरत नाही. कुणीतरी मालिश आणि व्यायामासाठी पाठवलेलं असतं. बोलता बोलता ती सांगते, "चौथ्या महिन्यात छान धरायला लागला होता हो, मग सोडून दिली." धरलेली मान सोडून दिली हे ऐकलं की मी व्यायाम बाजूला ठेवते आणि विचारते, "झोपेतून उठल्यावर दचकतो का? एकामागून एक?" आई हसते. "हो ना, नमस्कार करतो. आम्ही त्याला वारकरीच म्हणतो."

तो नमस्कार म्हणजे मेंदूतून येणारे झटके असतात. ते चौथ्या महिन्यात सुरू झालेले असतात आणि मधले चार महिने ग्राइप वॉटर, दृष्ट, "दात येत असतील" आणि मालिश यांत गेलेले असतात. आईबाप निष्काळजी असतात म्हणून हे होत नाही. काय बघायचं आणि आधी काय करायचं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून हा क्रम लिहून काढते आहे.

या आजाराला मराठीत रुळलेला शब्द नाही. कागदावर कुणी 'इन्फन्टाइल स्पाझम' लिहितं, कुणी 'वेस्ट सिंड्रोम', तर हल्ली 'इन्फन्टाइल एपिलेप्टिक स्पाझम्स सिंड्रोम' असंही लिहितात. पालकांना वाटतं तीन डॉक्टरांनी तीन आजार सांगितले. आजार एकच आहे. साधारण २ ते ४ हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो, बहुतेकदा ३ ते १२ महिन्यांच्या दरम्यान, आणि त्यातही ४ ते ७ महिन्यांत जास्त.

## टप्पा १: काय बघायचं

फिट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दातखीळ, तोंडाला फेस आणि हातपाय झाडणं येतं. इथे त्यातलं काही नसतं. एक झटका जेमतेम १-२ सेकंदांचा असतो. बाळ आखडतं आणि लगेच सैल पडतं. पाच-दहा सेकंद जातात, पुन्हा तसंच. पुन्हा. असे कधी पाच-सात, कधी पन्नासाच्या वर झटके एका माळेत येतात. झटका छोटा म्हणून आजार छोटा, ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. झटक्याचा जोर बघू नका, माळ बघा.

दिसायला तो तीन-चार तऱ्हांचा असतो. मान पुढे झुकते, दोन्ही हात बाजूला फेकले जातात किंवा छातीशी येतात, गुडघे पोटाशी जातात. हाच तो 'नमस्कार'. काही बाळांत उलटं होतं, मान मागे जाते आणि हातपाय ताठ होतात. फसवा प्रकार तिसरा. त्यात नुसती मान डुलते, किंवा खांदे किंचित उडतात, किंवा डोळे क्षणभर वर जातात. मांडीवर घेतलेल्या बाळाचा असा झटका नजरेला दिसण्याआधी तुमच्या हाताला जाणवतो.

वेळ ठरलेली असते: झोपेतून उठल्या उठल्या. कधी पेंगताना. माळ संपल्यावर बरीच बाळं रडतात, म्हणून घरच्यांना वाटतं पोटात कळ आली. क्रम नीट आठवा. आधी रडून मग आखडतं, की आधी आखडतं आणि मग रडतं?

दुसरी खूण झटक्यांइतकीच महत्त्वाची, आणि ती घरात कौतुकाच्या रूपाने येते. "हल्ली किती शहाणं झालंय, रडत नाही, कुणाकडेही राहतं." जे बाळ महिन्यापूर्वी आईकडे बघून हसत होतं, हुंकार देत होतं, पालथं पडत होतं, ते आता नजर देत नाही, आवाजाकडे वळत नाही, हाताला सैल लागतं. बाळाने शिकलेली गोष्ट सोडणं कधीच शहाणपण नसतं.

पडताळा. तीन प्रश्न: लागोपाठ येतात का? झोपेतून उठताना येतात का? बाळाने आधी येणारं काही सोडलंय का? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर बाकीच्या दोनांची वाट न बघता टप्पा ३ वर जा.

## टप्पा २: साधं दचकणं कोणतं

प्रत्येक दचकण्याला घाबरायचं कारण नाही, हेही सांगितलं पाहिजे. भांडं पडलं, दार आपटलं की हात पसरून दचकणं सगळ्या तान्ह्या बाळांत असतं. त्याला कारण दिसतं, ते एकदाच होतं, आणि चार ते सहा महिन्यांपर्यंत जातं. झोपेत हात-पाय फुरफुरतात, आजी म्हणते सटवाई खेळवतेय. बाळ जागं झालं की ते लगेच थांबत असेल तर बहुधा आजीच बरोबर आहे. स्पाझम नेमके उलटे, उठल्यावर सुरू होतात.

पोटदुखीचं वय लक्षात ठेवा. तान्ह्यांची संध्याकाळची ती रडारड पहिल्या काही आठवड्यांत सुरू होते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. पाचव्या महिन्यात नव्याने सुरू झालेली 'कळ' संशयास्पदच. दूध वर येऊन बाळ अंग वळवत असेल तर ते पाजल्यानंतर होतं, आणि दर दहा सेकंदांनी घड्याळासारखं होत नाही. ताप आल्यावर येणारी फिट हा वेगळा विषय. इथे ताप नसतो.

हा फरक घरी शंभर टक्के करता येत नाही. डॉक्टरही नुसतं ऐकून करू शकत नाहीत. म्हणून पुढचा टप्पा.

सावधान. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी याच वयात पडतात, त्यामुळे "लस दिली आणि सुरू झालं" असं वाटणं साहजिक आहे. वय जुळतं म्हणून तसं दिसतं. त्या नादात दाखवायला उशीर करू नका, आणि पुढच्या लसी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

## टप्पा ३: व्हिडिओ काढा, आणि नीट काढा

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. पालक व्हिडिओ आणतात, पण त्यात बाळाचा चेहरा तेवढा दिसतो, अंगावर दुपटं असतं, मागे मालिकेचा आवाज, आणि पहिला झटका आला की फोन टाकून आई बाळाला उचलते. चार सेकंदांची क्लिप. तिच्यावरून कुणीच काही सांगू शकत नाही.

तयारी आदल्या दिवशी करा:

१. फोनमध्ये जागा मोकळी करा. लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवा.

२. बाळाला झोळीत किंवा पाळण्यात नको, जमिनीवर गादी घालून सपाट झोपवा. झोळीत कमरेखालचं काही दिसत नाही.

३. दुपटं, स्वेटर, मोजे काढा. लंगोट आणि झबलं पुरे. हात, पाय आणि चेहरा एकाच चौकटीत यायला हवेत.

४. उजेड बाळाच्या अंगावर पडू द्या. खिडकी बाळाच्या मागे नको.

५. फोन आडवा धरा, किंवा स्टीलच्या डब्याला टेकवून उभा करा. हातात धरलेला फोन घाबरल्यावर हलतो.

मग बाळाची उठायची वेळ बघून, डोळे उघडायच्या पाचेक मिनिटं आधीच रेकॉर्डिंग सुरू करा. पहिला झटका आल्यावर फोन शोधायला गेलात तर अर्धी माळ निघून जाते. झटके सुरू झाले की हात लावू नका, किमान दोन-तीन मिनिटं तसंच चालू ठेवा. आईला हे जड जातं, म्हणून फोन दुसऱ्या कुणाकडे द्या. मध्ये एकदाच, नेहमीच्या आवाजात बाळाला हाक मारा. ते वळतं का ते व्हिडिओत येईल. माळ संपल्यावर आणखी मिनिटभर चालू राहू द्या, रडणं आणि मरगळही दिसली पाहिजे.

पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो धूसर होतो आणि डोळ्यांची हालचाल कळत नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि मूळ फाईल फोनमध्ये ठेवाच.

सोबत एक वही. तारीख, वेळ, झटके मोजून किती, माळ किती मिनिटं चालली, झोपेआधी की नंतर. एवढंच. "खूप आले" असं लिहू नका. आकडा लिहा, अंदाजे असला तरी चालेल.

सावधान. व्हिडिओसाठी एक दिवस द्या, फार तर दोन. मिळाला नाही तर तसेच जा. आणि झटक्यात बाळाचे हात दाबून धरणं, गदागदा हलवणं, तोंडात पाणी किंवा चमचा घालणं, कांदा-चप्पल हुंगवणं यांतलं काही नको. बाळ सपाट जागी, कुशीवर, बस.

तातडीचं वेगळं. अंग सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त आखडत-झटकत राहिलं, बाळ निळं पडलं, किंवा झटके थांबूनही जागं होत नसेल, तर व्हिडिओ-वही सोडा आणि १०८ ला फोन लावा.

## टप्पा ४: कुणाला दाखवायचं आणि तोंडातून काय निघालं पाहिजे

मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या असतील तर ओवाळा, पाच मिनिटांचं काम आहे आणि आजीचा जीव शांत होतो. पण बालरोगतज्ज्ञ एक-दोन दिवसांत. पोटावर डाग देणं मात्र अजिबात नाही. भाजलेलं बाळ आणि वाया गेलेला आठवडा, एवढंच हाती लागतं.

पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा, कारण ओपीडीत दोन मिनिटं मिळतात. "डॉक्टर, बाळ दचकतं" म्हणालात तर उत्तर ठरलेलं: "होतं असं, कमी होईल." त्याऐवजी म्हणा: "डॉक्टर, झोपेतून उठलं की लागोपाठ झटके येतात, काल सकाळी बावीस मोजले. इन्फन्टाइल स्पाझम तर नाहीत ना, हे बघायचंय. व्हिडिओ आणलाय." आणि फोन पुढे करा. नाव घेतलं म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे.

सोबत न्यायचं: जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (बाळ रडायला उशीर झाला का, काचेत ठेवलं होतं का, साखर कमी झाली होती का हे त्यात असतं), माता-बाल संरक्षण कार्ड, आणि आतापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, गुटीसकट. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असतं आणि कागद तिथेच राहतात, असं फार होतं. माहेरी फोन करा, फोटो मागवून घ्या. जन्मावेळी गुदमरणं आणि पहिल्या दिवसांत साखर उतरणं ही आपल्याकडे या आजाराची नेहमी सापडणारी कारणं आहेत, म्हणून तो कागद लागतोच.

बालरोगतज्ज्ञ पुढे मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील. तिथली तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली तर ती मुकाट घेऊन घरी येऊ नका. चिठ्ठीवर 'इन्फन्टाइल स्पाझमचा संशय, तातडीचे' असं लिहून मागा आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना स्वतः एक फोन करायची विनंती करा. तेही जमत नसेल तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात थेट जा; दाखल करून घेतलं तर तपासण्या लवकर होतात. मुंबईत परळचं वाडिया मुलांचं रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय, ही लोकांना ठाऊक असलेली ठिकाणं. गावात असाल तर आशाताई आणि अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक जिल्ह्याच्या डीईआयसीकडे (बाळांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणारं सरकारी केंद्र) पाठवू शकतं. पण पथक यायची वाट बघत बसू नका. खर्चाचं काय, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणारा माणूस) पहिल्याच दिवशी विचारा, बिल झाल्यावर नाही.

पडताळा. झटके सुरू झाल्यापासून आठवड्याभरात योग्य औषध सुरू व्हावं, हे लक्ष्य असतं. "पंधरा दिवस बघू" हे उत्तर मिळालं तर व्हिडिओ घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. त्यात पहिल्यांचा अपमान नाही.

## टप्पा ५: ईईजी झोपेचाच हवा

डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदवतात, तो ईईजी. या आजारात लहरी एका विशिष्ट तऱ्हेने विस्कटलेल्या दिसतात, रिपोर्टमध्ये 'हिप्सअरिदमिया' असा शब्द येतो. पण ती विस्कट अनेकदा फक्त झोपेतच दिसते. जाग्या बाळाचा वीस मिनिटांचा ईईजी काढून 'नॉर्मल' रिपोर्ट मिळतो, घरात पेढे वाटले जातात आणि झटके चालूच राहतात. असे रिपोर्ट मी फार पाहिले आहेत.

तारीख घेताना फोनवरच विचारून घ्या: झोपेत काढणार ना? झोप आणि जाग दोन्ही येईल ना? सोबत व्हिडिओ असतो का? बाळ झोपलंच नाही तर झोपेचं सिरप तिथे देतात का? ते सिरप घरून देऊन निघायचं नसतं.

आदल्या रात्री बाळाचं डोकं शाम्पूने धुवा. दोनदा. टाळू भरायची नाही, तेल नाही, टाळूवर हळद-वेखंड नाही. तेलकट डोक्यावर तारा चिकटत नाहीत आणि तंत्रज्ञ बिचारा अर्धा तास पुसत बसतो, तोवर बाळ रडून रडून वेगळ्याच वेळी झोपतं. काजळही नको, चोळून सगळीकडे होतं. जावळ काढलेलं असेल तर काम सोपं. पण त्यासाठी मुहूर्त बघून तारीख पुढे ढकलू नका.

मग झोपेचं गणित. बाळाला रात्री नेहमीपेक्षा उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि तिथे पोचेपर्यंत झोपू देऊ नका. हा शेवटचा भाग वाचायला सोपा आणि करायला महाकठीण. तालुक्याहून एसटीने निघालेलं बाळ दुसऱ्या थांब्यालाच डुलकी काढतं आणि मशीनपाशी टक्क जागं. दोघं जण जा. एकाने फक्त बाळाला खेळवत ठेवायचं: खुळखुळा, ओला रुमाल, खिडकीतला वारा, काहीही. शक्य असेल तर आदल्या दिवशीच गावात नातेवाइकाकडे मुक्काम करा. आणि पाजणं राखून ठेवा. तारा लावून झाल्या की पाजायचं, म्हणजे बाळ अंगावर पीत पीत झोपतं. दारात पोचताच पाजलंत तर हुकमाचा पत्ता गेला.

मध्ये झटके आले तर तंत्रज्ञाला लगेच सांगा, "आता आला, हा बघा." नोंदीत त्या जागी खूण होते. झोपलेल्या बाळाला तारा काढायची घाई करू नका. उठल्यानंतरची काही मिनिटं नोंदवायला सांगा, कारण माळ तेव्हाच येते.

पडताळा. रिपोर्ट हातात आला की त्यात 'झोप नोंदली' असं आहे का बघा. नसेल, किंवा रिपोर्ट नॉर्मल आहे आणि झटके चालू आहेत, तर लांब चालणारा, जमल्यास रात्रभराचा व्हिडिओ ईईजी मागा. 'नॉर्मल' शब्दावर फाईल बंद करू नका.

## टप्पा ६: कारण शोधणं, औषध न थांबवता

बहुतेक बाळांचा एमआरआय होतो, कधी रक्ताच्या आणि जनुकांच्या तपासण्याही. एमआरआयसाठी भूल देतात, म्हणून उपाशीपोटी न्यावं लागतं. साधारणपणे आईचं दूध ४ तास आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, पण तिथले सांगतील तेच अंतिम. वाळे, कडं, चांदीचा करदोटा, काळ्या मण्यांचं मनगटं घरीच काढून या. मशीनच्या दारात करदोट्याची गाठ सुटत नाही आणि कात्री कुणाकडे नसते.

घरी एक गोष्ट तुम्हीच बघू शकता. बाळाच्या अंगावर पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग आहेत का, पाठ, पोट, मांड्या नीट उजेडात बघा. ते ट्युबरस स्क्लेरोसिस या आजाराची खूण असू शकतात, आणि तसं असेल तर पहिलं औषधच बदलतं. डाग दिसले तर सांगा, "कोड आहे का" या भीतीने झाकू नका.

एमआरआयची तारीख महिन्याने मिळाली तर औषध त्यासाठी अडायचं कारण नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

## टप्पा ७: औषध

या आजाराची पहिल्या फळीतली औषधं मोजकी आहेत: एसीटीएच या हार्मोनची इंजेक्शनं, मोठ्या डोसातलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आणि विगाबॅट्रिन. ट्युबरस स्क्लेरोसिस असेल तर विगाबॅट्रिन आधी. फिटची इतर नेहमीची सिरपं इथे बहुधा पुरी पडत नाहीत. तुमच्या चिठ्ठीवर या तिघांपैकी एकही नसेल तर विचारा, "या झटक्यांसाठी स्टेरॉइड किंवा विगाबॅट्रिन का नको?" कारण असू शकतं, पण विचारा. चालू औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

'स्टेरॉइड' ऐकल्यावर घरात सभा भरते. आत्या सांगते, हाडं ठिसूळ होतात. शेजारी सांगतात, आयुष्यभर लागतं. हा कोर्स आयुष्यभराचा नसतो. साधारण दोन आठवडे मोठा डोस, मग पायरीपायरीने उतरता. धोके आहेत, पण माहीत असलेले आणि नजर ठेवता येण्यासारखे.

औषधाच्या दुकानात थांबून बघायचं: प्रेडनिसोलोनचं सिरप दोन ताकदींत मिळतं, ५ मिलीत ५ मिग्रॅ आणि ५ मिलीत १५ मिग्रॅ. दुकानदाराने "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून बाटली बदलली तर तुमच्या बाळाला तिप्पट किंवा एक तृतीयांश औषध जाऊ शकतं. डॉक्टरांकडून डोस मिग्रॅ आणि मिली दोन्हींत लिहून घ्या, बाटलीवरचा आकडा त्याच्याशी जुळवा, आणि घरच्या चमच्याने कधीही देऊ नका. सुई नसलेली सिरिंज घ्या.

विगाबॅट्रिन ५०० मिग्रॅची गोळी किंवा पुडी पाण्यात विरघळवून त्यातला ठरलेला भाग द्यायचा असतो. १० मिली पाण्यात विरघळवली तर १ मिलीत ५० मिग्रॅ येतं. पाणी सिरिंजने मोजा. उरलेलं टाकून द्या, संध्याकाळसाठी झाकून ठेवू नका. या औषधाचा नजरेच्या कडांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डोळ्यांची तपासणी आणि ते किती महिने चालणार हे आधीच विचारून ठेवा. एसीटीएच फ्रिजमध्ये ठेवतात, पण फ्रीझरमध्ये नाही आणि दाराच्या कप्प्यातही नको. प्रवासात थर्मासमध्ये, बर्फाला थेट न टेकवता.

स्टेरॉइड चालू असताना:

- चेहरा फुगेल, बाळ चिडचिडं होईल, सारखं भुकेलेलं राहील. हे अपेक्षित आहे.
- रक्तदाब आणि साखर ठरलेल्या दिवशी तपासाच. दवाखान्यात बाळाचा छोटा पट्टा आहे का ते आधी विचारा. मोठ्यांच्या पट्ट्याने चुकीचा आकडा येतो.
- ताप, काळी शी, उलटीत रक्त, बाळ मलूल: त्याच दिवशी डॉक्टर.
- घरात कुणाला क्षयरोग आहे किंवा होता, कुणाला कांजिण्या आल्यात, तर औषध सुरू होण्याआधी सांगा. लाजेने लपवलेला आजोबांचा टीबी इथे बाळाला भोवतो.
- जिवंत लसी (पोलिओचे थेंब, रोटा, गोवर-रुबेला) या काळात पुढे ढकलतात. लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेला कागद दाखवा.
- बारसं, जावळ, पाचजणींची गर्दी नंतर.

सावधान. स्टेरॉइड एका दिवसात बंद करायचं नाही, झटके थांबले म्हणूनही नाही आणि बाटली संपली म्हणूनही नाही. या काळात शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतं. औषध एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं. उतरता डोस कालनिर्णयच्या चौकटीत रोजच्या रोज लिहा आणि दिल्यावर खूण करा. बाटली संपायच्या तीन दिवस आधी दुसरी आणा. बाळाने औषध ओकलं तर किती वेळात ओकलं की पुन्हा द्यायचं, हे पहिल्याच भेटीत विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. रात्री अकराला कुणी फोन उचलत नाही.

## टप्पा ८: दोन आठवड्यांचा हिशेब

"पुष्कळ कमी आहेत आता" हे वाक्य मला ऐकवत नाही. आधी पन्नास यायचे, आता पाच येतात, याचा अर्थ औषध निम्मं लागू पडलं असा होत नाही. इथे झटके पूर्ण थांबले पाहिजेत आणि ईईजी सुधारला पाहिजे. म्हणून औषध सुरू झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी झोपेचा ईईजी पुन्हा होतो. डोकं धुणं, जागवणं, पाजणं राखून ठेवणं, सगळं पुन्हा. झटके दिसत नाहीत पण ईईजी तसाच आहे, असंही होतं, आणि ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. दोन आठवड्यांनीही पाच येत असतील तर दुसरं औषध कोणतं आणि कधी, हे त्याच भेटीत ठरवून उठा.

व्यायाम, बोलणं, नजरेचं आणि ऐकण्याचं काम हे सगळं औषधासोबतच सुरू करा, "आधी फिट थांबू देत" म्हणून नंतर नाही. आमच्यासारख्यांकडे या. फक्त आम्ही औषधाची जागा घेऊ शकत नाही. झटके चालू असलेल्या मेंदूवर माझी मालिश किती काम करणार?

झटके थांबून महिने झाले तरी बऱ्याच बाळांत ते परत येतात, आणि परत येताना वेषांतर करून येतात: आधी पूर्ण नमस्कार, आता नुसते खांदे. वही बंद करू नका. आठवड्यातून दोनदा बाळ उठताना पाच मिनिटं शेजारी नुसतं बसा, हातात चहा असला तरी चालेल, फोन नको. आणि फोनमधला तो पहिला व्हिडिओ पुसू नका. बघवत नाही, जागा खातो, सगळं कबूल. पण पुढे कधी शंका आली तर नवा झटका ताडून बघायला तोच लागतो.